लो ग्रेडचा डोंगर

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर मी डोंगर रचतो. पुण्यातल्या नातेवाइकांना हे काही केल्या पटत नाही. "सोन्याच्या खाणीत आहेस ना रे?" असं म्हणत प्रत्येक लग्नात कोणीतरी माझा हात धरून बोटांत अंगठ्या शोधतं. अहो, सोनं काढणारे वेगळे! चिमूटभर सोन्यासाठी ट्रकच्या ट्रक दगड उपसावा लागतो. तो दगड कुठे टाकायचा, किती उंच टाकायचा, उतार किती ठेवायचा म्हणजे पावसात वाहून जाणार नाही, हे ठरवणारा प्राणी म्हणजे मी. ऑस्ट्रेलियातल्या या कालगुर्लीच्या आसपासची जमीन पोळपाटासारखी सपाट आहे. क्षितिजावर जे काही उंच दिसतं ते बहुतेक माणसाने आणून टाकलेलं असतं, आणि आमच्या घराच्या मागून जे दिसतं ते मी टाकलेलं आहे. माझी बायको इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. ती लोकांना सांगते, "हा कचऱ्याचं प्लॅनिंग करतो." चुकीचं नाही, पण सांगायची एक पद्धत असते.

आमच्या शेजारी पेरू देशातली एक बाई राहते. पेरू म्हटल्यावर मी मीठ-तिखटाचा विनोद एकदा केला होता. बायकोने ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर पुन्हा केला नाही. ही शेजारीण आमच्याच खाणीत दगड वाहणारा हॉल ट्रक चालवते. त्या ट्रकचं एकेक चाक माझ्या दुप्पट उंचीचं. मी स्क्रीनवर डोंगर काढायचा आणि तिने तो ओतायचा, असा आमचा संसार. तिचा नवरा इथलाच, वेल्डर. कुठल्याही प्रश्नाला "नो वरीज" हे एकच उत्तर देतो, मग तो प्रश्न नळ गळतोय असा असो, नाहीतर घराला आग लागली आहे असा.

त्यांना एक मुलगा. साडेतीन वर्षांचा, आणि केस कमरेपर्यंत. जन्मापासून कात्री म्हणून लागलेली नाही. दुकानात, बागेत, डेकेअरमध्ये सगळे त्याला "व्हॉट अ प्रिटी गर्ल" म्हणायचे, आणि तो गडी चड्डी खाली ओढून लगेच शंकानिरसन करायला निघायचा. फेब्रुवारीत त्याची किंडी, म्हणजे इथली बालवाडी, सुरू होणार होती. त्याच्या आत हे केस गेले पाहिजेत, असं बापाचं म्हणणं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कसली तरी वरी लागली होती.

"मग कापत का नाहीस गं?" मी शेजारणीला विचारलं.

"आई आल्याशिवाय नाही," ती म्हणाली. "पहिले केस असे कोणी कुठेही कापत नाही."

त्यावर माझी बायको एकदम उठून उभी राहिली. "अगं, म्हणजे जावळ! आमच्यात पण असतं! मामाच्या मांडीवर बसवून काढतात!" शेजारणीला भाऊ आहे, पण तो तिकडे गावी, मेंढरांमागे. तेव्हा इथला मामा कोण, हे बायकोने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मला विचारायची आमच्या घरात प्रथा नाही. शेजारीण म्हणाली की बरंच झालं, त्यांच्यातही पहिली कात्री लावायला एक बाहेरचा माणूस लागतो, आणि तो मग जन्मभराचा नातेवाईक होतो. मी म्हटलं, ठीक आहे, एक जावळ काढायचं, त्यात काय मोठंसं.

नोव्हेंबरात आजी आली. तीन महिन्यांचा व्हिसा. मुलीने सांगितलं, या वयात ती एवढ्या लांब पुन्हा यायची नाही, आणि आली आहे ती फक्त नातवाचे केस कापायला. तिचं गाव म्हणजे अँडीज डोंगरांत आपल्या कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई, आणि त्यावर अजून थोडं, एवढ्या उंचीवर. राजधानीतून रात्रभराची बस, मग दिवसभराची दुसरी बस, मग भाजीच्या पोत्यांवर बसून पिकअप, आणि रस्ता संपला की पाय. गावात सगळे क्वेचुआ बोलतात. आजीला स्पॅनिश बाजारापुरतं येतं, इंग्लिश शून्य.

तिकडचा भूगोल मला शेजारणीने कॉफीच्या कपांवर समजावला होता. खाली दरीत ऊन, तिथे मका. त्याच्या वर बटाटे. आपल्याकडे आंब्याच्या जाती असतात तशा त्यांच्याकडे बटाट्याच्या, आणि प्रत्येकाचं प्रत्येकीवरून भांडण. त्याच्या वर झाडच उगवत नाही, नुसतं टोचरं गवत आणि त्यावर अल्पाका नावाची लोकरीची जनावरं चरतात. त्याच्याही वर दगड, बर्फ आणि तो. "तो" म्हणजे डोंगर. प्रत्येक गावाचा एक असतो. त्याला अपू म्हणतात, म्हणजे मालक, वडीलधारा. मूल झालं, घर बांधलं, कोण परगावी निघालं, की त्याला सांगायचं. तो बघत असतो. मुलाचे पहिले केस कापतात तेही त्याच्या समोर, म्हणजे हे आपलं, याला ओळखून ठेव, असं.

आजी विमानतळावरून घरी आली तीच फणफणत. बायकांनी थंडीत अंगणात पसरून, पायांनी तुडवून, पाणी काढून वाळवलेले बटाटे तिने पिशवी भरून आणले होते. ते विमानतळावर काढून घेतले. माझ्या बायकोचा जीव कळवळला. तिच्या आईचे सांडगे एकदा असेच गेले होते. ती म्हणाली, "आजी, मला कळतं हो तुमचं दुःख," आणि आजी क्वेचुआत काहीतरी लांबलचक बोलली, आणि दोघी तासभर सरकारला शिव्या देत बसल्या. कोणाला कोणाचा एक शब्द कळत नव्हता. त्या तीन महिन्यांत त्या दोघींची टकळी एकदाही थांबली नाही. आजीच्या हातात तर खरोखरचीच टकळी असायची. चालताना, बसताना, सुपरमार्केटच्या रांगेत, तिचं सूत कातणं चालू. डोक्यावर हॅट, अंगावर एकावर एक घागरे, आणि बाहेर चाळीस डिग्री.

पहिल्या दिवशी ती आमच्याकडे चहाला आली. मी आदराने कप हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, काहीतरी पुटपुटली, आणि पहिला घोट सरळ आमच्या कार्पेटवर ओतला.

"अहो आजी!" मी ओरडलो. भाड्याचं घर आमचं! पुढच्याच आठवड्यात एजंट इन्स्पेक्शनला येणार होता.

"आई जमिनीला आधी देते," शेजारीण म्हणाली. "मग स्वतः पिते. सॉरी, मी सांगायला हवं होतं."

"ओरडतोस काय?" बायको मलाच म्हणाली. "तुझे बाबा जेवायला बसताना चित्राहुती घालायचे ना?"

"ताटाभोवती! कार्पेटवर नाही!"

मी आजीपुढे स्टीलचा वाडगा ठेवून पाहिला. तिने तो बाजूला सारला. जमीन वाडग्यातून पीत नाही म्हणे. त्यानंतर तीन महिने आमचा चहा मागच्या अंगणात, रणरणत्या उन्हात. तिच्या जावयाने एकदा तिला थंडगार बिअरचा कॅन दिला, तर तिने अर्धा कॅन मातीला पाजला. त्याच्या तोंडून "नो वरीज" बाहेर पडायला त्या दिवशी बराच वेळ लागला.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आजी अंगणात उभी राहिली, डोळ्यांवर हात धरला आणि चारी बाजूंना फिरून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. मग मुलीला विचारलं, "इथला मोठा कोण आहे?"

मुलगी म्हणाली, "इथे डोंगर नाहीत, आई."

"अजिबात?"

"अजिबात."

आजीला वाटलं मुलगी थट्टा करते आहे. तिच्या लेखी डावं-उजवं असं काही नसतंच. वर असतं आणि खाली असतं. तिचं गावसुद्धा वरचे आणि खालचे असं विभागलेलं. त्यांनी एकमेकांत लग्नं करायची आणि एकमेकांना नावं ठेवायची. मला तिने पहिल्याच भेटीत विचारलं होतं, तू वरचा की खालचा? मी काही बोलायच्या आत माझी सांगलीची बायको म्हणाली, "पुण्याचा आहे. वरचाच समजतो स्वतःला." आता अशा माणसाला कालगुर्लीत आणून सोडलं तर काय होणार? ती बाथरूम कुठे म्हणून विचारताना वर की खाली असं विचारायची, आणि आम्ही सगळे घाबरून छताकडे बघायचो.

डोंगर नाही, तर केस नाहीत, असं आजीने जाहीर केलं. कोणी बघायलाच नसेल तर कापून काय उपयोग? पोरगं इथे वाढणार, मी उद्या मरेन, याला सांभाळायला कोणीतरी मोठं नको का? मुलीने रडून पाहिलं, जावयाने किंडीचं कारण सांगितलं. आजीने टकळीला गिरकी दिली आणि विषय संपवला.

मग आमची डोंगरशोध मोहीम सुरू झाली. गावात एक टेकाड आहे, पाटीवर त्याला माउंट म्हणतात. तिथे नेलं. आजी वर चढली, पाच मिनिटांत उतरली आणि पोट धरधरून हसली. घरी तिने फोनवरून गावाकडच्या मुलाला ते सांगितलं, तर फोनमधूनही हसण्याचा आवाज आला. मला त्या माउंटचा काही पुळका नाही, पण आपल्या गावाला असं हसलेलं मला आवडलं नाही.

मग एका रविवारी मी सगळ्यांना गाडीत घालून गावाबाहेर एका प्रचंड खडकाकडे नेलं. ग्रॅनाइटचा तो घुमट बघून आजीने हॅट काढली. मला वाटलं, जमलं! डिकीतून कात्रीसुद्धा काढली. पण ती पायथ्याशीच थांबली आणि मुलीला विचारलं, "हा कोणाचा?"

"इथल्या मूळच्या लोकांचा. फार फार पूर्वीपासून."

"त्यांना विचारलंस?"

 त्यांच्यापैकी कोणाला ओळखत नाही, मुलगी म्हणाली. आजीने लांबूनच खडकाला दोन शब्द सांगितले, थोडं पाणी ओतलं आणि गाडीत जाऊन बसली. परतताना बायको म्हणाली, "बरोबर आहे तिचं. ओळख ना पाळख, आणि दुसऱ्याच्या देवघरात आपलं पोर नेऊन बसवायचं?" मला बरोबर-चूक काही सुचत नव्हतं. पेट्रोल, ऊन आणि मागच्या सीटवर केसांत चिकटलेलं चॉकलेट, एवढंच दिसत होतं.

ख्रिसमस गेला, जानेवारी उजाडला. आजीच्या परतीचं तिकीट फ्रिजवर लावलेलं. ती नातवाला मांडीवर घेऊन रोज केस विंचरायची आणि विंचरताना तिचे डोळे भरून यायचे. एवढ्या लांब येऊन तसंच परत जायचं म्हणजे काय? माझ्यासारख्या चिडक्या माणसालाही ते बघवत नव्हतं.

एका संध्याकाळी आम्ही सगळे मागच्या अंगणात बसलो होतो. ऊन उतरलं होतं आणि लांबवर आमच्या खाणीचा ढीग तांबडालाल दिसत होता. आजीने टकळी खाली ठेवली.

"तो कोण?"

शेजारीण हसली. "तो डोंगर नाही गं. खाणीतला टाकलेला दगड आहे."

"कुठून आला?"

"जमिनीच्या पोटातून."

"मग सगळे डोंगर कुठून येतात?" आजी म्हणाली. "कोणी उभा केला?"

शेजारणीने माझ्याकडे बोट दाखवलं. आजीने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मी उगाच ताठ बसलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाकडे कोणीतरी आदराने बघत होतं, आणि ते बायकोच्या देखत!

"वय काय त्याचं?"

"ढीग सुरू करून तीन-चार वर्षं झाली असतील," मी म्हटलं. "पण आजी, हा डोंगर नाही हो. हे..."

"म्हणजे पोराच्या बरोबरीचाच आहे," आजी म्हणाली. "लहान आहे. दोघं बरोबर वाढतील. माणसं कोण त्याची?"

"कोणीच नाही," शेजारीण म्हणाली.

"बिचारा!" आजीचा चेहरा उजळला. "मग हाच."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जावयाने नवा कॅन उघडून, कोणी काही बोलायच्या आत, स्वतःच जमिनीवर थोडी बिअर सांडली. बायको नारळ, कुंकू, बाळाला ओवाळायला निरांजन असं काय काय मनात मांडू लागली. मी मात्र टाळ्या थांबवल्या.

कारण तो ढीग नुसत्या कचऱ्याचा नव्हता. तो लो ग्रेडचा ढीग होता. म्हणजे ज्या दगडात सोनं आहे पण इतकं थोडं की काढणं परवडत नाही, असा दगड आम्ही वेगळा रचून ठेवतो. भाव चढला की तो दळायला मिलमध्ये घालायचा. आणि भाव किती चढला आहे हे तर पुण्यातल्या माझ्या आत्यालाही पाठ आहे. हिवाळ्यापासून तो ढीग एका कडेने उचलायचा होता. त्याचं प्लॅनिंग कोण करत होतं? अर्थात मी. दोन-तीन वर्षांत तिथे पुन्हा पोळपाट.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तोंडातून चकार शब्द काढू नकोस. म्हातारीला विमानात बसू दे, मग तुझा ढीग मिलमध्ये घाल नाहीतर मिक्सरमध्ये घाल."

सल्ला शहाणपणाचा होता. पण दुसऱ्या दिवशी आजी कुंपणापाशी आली आणि तिने माझ्या हातावर एक कातलेला दोरा बांधला. मामाला बांधतात म्हणे. आणि मी भडाभडा सगळं बोलून टाकलं. "आजी, तो राहणार नाही. आम्ही तो दळणार आहोत. मीच दळणार आहे." शेजारणीने डोळे मोठे करून मला थांबवायला पाहिलं, पण आजीने तिच्याकडून एकेक शब्द वदवून घेतला. मग टकळी उचलून आत गेली.

"तुला गप्प बसता येत नाही का रे?" शेजारीण कडाडली. ट्रकवर ती रेडिओवर अशीच बोलते. "तीन महिन्यांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली होती काल!"

घरात बायकोने वेगळी पूजा बांधली. मी ऐकून घेतलं. खोटं बोलून मामा व्हायचं मला जमलं नसतं, पण हे वाक्य तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी तिने बोलू दिलं नसतं.

दोन दिवस कुंपणापलीकडे सामसूम. आर्व्होचा, म्हणजे इथल्या भाषेत दुपारचा, चहा बंद. मग शनिवारी शेजारीण आली, अजून थोडी फुगलेलीच. म्हणाली, "उद्या सकाळी, ऊन व्हायच्या आत. आई तयार आहे."

"पण तो ढीग..."

"मी तेच म्हटलं तिला. ती म्हणते, थोड्या आयुष्याचा आहे, पण आहे ना? उद्या मरेल म्हणून मामा करायचा कोणी सोडतं का?" तिने लांबच्या ढिगाकडे पाहिलं. "आमच्या डोंगराला पण खाणवाल्यांनी भोकं पाडलीत रे. मी ट्रक चालवायला शिकले ते तिथेच. आई रोज बघते."



रविवारी सकाळी आम्ही सगळे खाणीच्या बाहेरच्या रस्त्यावर, तारेच्या कुंपणाच्या अलीकडे जमलो. समोर माझा ढीग. शेजारणीच्या शिफ्टमधल्या दोघी मैत्रिणी आल्या होत्या. कॅम्पिंगच्या खुर्चीवर मी, मांडीवर भाचा, भाच्याच्या हातात खोबऱ्यात घोळवलेला लॅमिंग्टन केक. आईने त्याच्या केसांच्या पुष्कळ बारीक वेण्या घालून प्रत्येकीला रंगीत फीत बांधली होती. मला वाटलं, सजावट. बायकोने बाळाला ओवाळलं, कुंकू लावलं आणि माझ्या कानात म्हणाली, "हात चालव भराभर. हललं की लागेल त्याला."

"पहिली कात्री तू लाव," शेजारीण म्हणाली, आणि आजी ढिगाकडे तोंड करून बोलू लागली. टोप्या काढून सगळे तिकडे वळले. आजीचं बोलणं लांबत चाललं. गावाकडच्या डोंगरांची नावं, नद्या, शेतं, मेलेली माणसं, एकेकाला बोलावणं चाललं होतं. मी ओळखलं, ही मंगलाष्टकं! ती संपायच्या आत आपलं काम झालं पाहिजे. आणि मी सुरू केलं. कच्, कच्, कच्. लॅमिंग्टनची कृपा, पोरगं हललं नाही. एकेक वेणी ताटलीत पडत होती. हात इतका छान चालला होता की मीच माझ्यावर खूश. जावळात ठेवतात तशी टाळूवरची एक वेणी तेवढी शेंडी म्हणून ठेवली, खांद्यावरचे केस झटकले आणि "झालं!" म्हणून विजयी मुद्रेने वर पाहिलं.

सगळे वळले. 

"जीझ, मेट," बाप म्हणाला.

शेजारणीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "एक! एकच वेणी कापायची होती! पहिली! मग प्रत्येकाने एकेक, आणि शेवटची आईने! म्हणून तर वेण्या घातल्या होत्या!"

मी बायकोकडे बघितलं तर ती ढिगाकडे बघत होती, जणू मी तिचा कोणी लागतच नाही. "आमच्यात मामाच सगळे काढतो," मी म्हणालो. "मला कोणी सांगितलं का एक म्हणून?" आवाज चढला होता, पण रडवेला. ती म्हातारी अर्धी पृथ्वी ओलांडून एका वेणीसाठी आली होती, आणि मी ती मंगलाष्टकांत उरकून टाकली होती.

आजी हळूहळू जवळ आली. नातवाच्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. पुढून मागे, कानामागे. हात टाळूवर येऊन थांबला. तिने शेंडी चिमटीत धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ही का ठेवली?"

"आमच्यात ठेवतात," मी पुटपुटलो.

आजीने मान हलवली. "बरी पद्धत आहे," असं म्हणाली, आणि पोराला मांडीवर घेऊन खाली मातीत फतकल मारून बसली. फीत सोडली, शेंडी मोकळी केली आणि सूत कातणाऱ्या त्या बोटांनी तिच्या बारीक बारीक बटा वेगळ्या केल्या. मग कात्री फिरली. पोराच्या आईने एक बट कापली, बापाने एक, माझ्या बायकोने एक, दोघी मैत्रिणींनी एकेक. प्रत्येकाने बाळाला काय देणार ते सांगितलं. तिकडे मेंढ्या देतात, इथे सायकल, फुटबॉल आणि पोहण्याचा क्लास मिळाला. शेवटची बट आजीने कापली. कापून झाल्यावर तिने पोराला छातीशी इतकं घट्ट धरलं की लॅमिंग्टनचा चुरा दोघांच्या अंगभर झाला. शेजारीण रडत होती. मी गॉगल लावला.

मग आजीने ताटलीतले सगळे केस गोळा केले आणि त्यांचे दोन भाग केले. एक भाग कुंपणाच्या खांबापाशी माती उकरून पुरला, वर दगड ठेवला, बिअर ओतली. ढिगाकडे बघून बोलली. शेजारणीने हळू आवाजात सांगितलं, "म्हणते, हा माझा नातू. तू पण लहानच आहेस. जोवर आहेस तोवर बघ याच्याकडे."

दुसरा भाग तिने रंगीत फडक्यात बांधला. मला वाटलं, गावी नेणार. पण ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या शर्टाच्या खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं, ते गाठोडं खिशात घातलं आणि वरून तळव्याने दाबलं. काहीतरी बोलली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

शेजारणीने नाक पुसलं. "म्हणते, त्याला तर मशीन खाणार आहे. म्हणून अर्धे तुझ्याकडे."

मी आजीकडे पाहिलं. ती खाली वाकून माझ्या पायापाशी बिअरचा शेवटचा थेंब ओतत होती. नवे बूट होते माझे. मी पाय हलवला नाही. 

शेवटी बायकोने येऊन माझा गॉगल सारखा केला. "चला डोंगरोबा," ती म्हणाली, "गाडी काढा. भाच्याला ऊन लागतंय."

किल्ली पॅंटच्या खिशात होती, पण उजवा हात शर्टाच्या खिशावरून निघेना. ती मी डाव्या हाताने काढली.